पेटीचे स्वर

भोर व वेल्हे या डोंगरी मुलखातील देवळांतून भजन सुरू झाले, की टाळमृदंगाबरोबर पेटीचे, म्हणजेच हार्मोनियमचे, स्वर कानी पडतात. गाणाऱ्याच्या मागे स्वर धरून ठेवणे, एवढेच या वाद्याचे काम, असे पुष्कळांना वाटते. परंतु याच पेटीला स्वतंत्र मान मिळवून देणारा एक थोर कलावंत महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव गोविंदराव टेंबे.

गोविंदरावांचा जन्म १८८१ साली झाला. पेटी वाजविण्यास ते बहुतांशी स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबात त्यांना संगीताची गोडी लागली. पुढे भास्करबुवा बखले यांच्या गायनाला ते साथ करू लागले. अल्लादियाखाँसाहेबांजवळ त्यांनी रीतसर शिक्षण घेतले नाही. तरी मनाने त्यांनाच गुरू मानले.

पेटी हे वाद्य मूळचे युरोपातील. भात्याने हवा भरून पट्टी दाबली, म्हणजे आतील धातूची पातळ जीभ कंप पावते व स्वर निघतो. प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. म्हणून अनेक जाणकार तिला कमी लेखीत. १९४० साली तर नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती पुढे कित्येक वर्षांनी उठली. अशा वाद्यावर गोविंदरावांनी स्वतंत्र वादन केले आणि रसिकांनी ते आदराने ऐकले.

१९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पदांना गोविंदरावांनी चाली दिल्या. साकी-दिंडीच्या जुन्या वळणाऐवजी त्यांनी हिंदुस्थानी रागदारीचा व ठुमरीचा आधार घेतला आणि नाट्यसंगीताला नवी दिशा मिळाली. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे ‘पटवर्धन’ हे संगीत नाटक त्यांनी स्वतः लिहिले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला त्यांनी संगीत दिले व हरिश्चंद्राची भूमिकाही केली.

१९५५ साली गोविंदरावांचे निधन झाले. ‘माझा संगीत व्यासंग’ या ग्रंथात त्यांनी आपली वाटचाल सांगितली आहे. व्यासंग म्हणजे मनापासून व सतत केलेला अभ्यास. वाद्य साधे असो वा अपुरे, व्यासंगी माणसाच्या हाती ते बोलू लागते.

स्वाध्याय
१. अनेक जाणकार पेटीला कमी का लेखीत?
२. ‘मानापमान’मधील चालींत नवे काय होते?
३. ‘व्यासंग’ हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.