कॉस्ट की कॉस्टेड? कोटेशन पाठवण्याआधी हे बघा

इंग्रजीत ईमेल लिहिताना 'इट कॉस्टेड मी फाइव्ह हंड्रेड' असं सर्रास लिहिलं जातं. इथे कॉस्टेड चालत नाही. किंमत पडली, खर्च आला या अर्थाने हे क्रियापद पुट आणि कटसारखं तिन्ही रूपांत तसंच राहतं: कॉस्ट, कॉस्ट, कॉस्ट.

मग कॉस्टेड हा शब्दच नाही का? आहे ना! कामाला किती खर्च येईल याचा हिशोब तुम्ही मांडलात, तर तिथे कॉस्टेडच बरोबर. 'वी कॉस्टेड द ऑर्डर', म्हणजे आम्ही ऑर्डरचं कॉस्टिंग काढलं.

आता पैशाचा मुद्दा. समजा तुम्ही मसाल्याचे डबे विकता. 'द बॉक्स कॉस्ट्स टू हंड्रेड' म्हणजे डबा आज 200 रुपयांना आहे. शेवटचा एस लिहायचा राहिला, की वाक्य भूतकाळात गेलं: डबा 200 ला पडला होता. समोरचा विचारणारच, मग आताचा रेट काय? (एवढासा एस, पण सगळ्या व्याकरणात मला हाच महाग वाटतो.) गंमत म्हणजे 'बॉक्सेस' असं अनेकवचन असेल, तर एस लागतच नाही आणि काळ कळतच नाही. म्हणून रेटसोबत तारीख टाकाच.

अजून एक अर्थ: 'द डिले कॉस्ट अस द ऑर्डर'. इथे रुपयांचा आकडा नाही. उशिरामुळे ऑर्डर हातची गेली. माल वेळेवर न देणाऱ्या सप्लायरला लिहायला हे वाक्य उत्तम. आवाज न चढवता नुकसान कळतं.