सोलर बसवण्याआधी

स्लॅब टाकून झाला म्हणालीस ना? मग सोलरवाल्याला बोलावण्याआधी माझं जरा ऐक.

आपल्या जालन्यात मेच्या १९-२० तारखेला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे उन्हाचा सगळा मारा गच्चीवर. आजोळचं धाब्याचं घर आठवतं? पांढऱ्या मातीच्या त्या जाड थरातून ऊन आत उतरतच नसे. आपला स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. म्हणून शिमगा झाला की गच्चीला चुन्याचे दोन जाड हात मार. पावसात धुपेल, पुढच्या वर्षी परत मारायचा. पंख्याची गरम हवा आधी यानंच कमी होईल, मग कूलरचं बघू. टँकरच्या दिवसांत कूलर पाणी किती पितो, तुला ठाऊकच आहे.

डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा पाणी तापवायच्या नळ्यांचं तोंड दक्षिणेलाच हवं. जिन्याच्या खोलीची सावली त्यांच्यावर पडू देऊ नकोस. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, मोटर लागत नाही. पण गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते. बोअरच्या क्षारानं तांब्याच्या बारीक नळ्या तुंबतात, तू काचेच्याच घे.

आणि बाई, माझ्या हातून झालं ते तुझ्याकडून नको. एप्रिलात टाकी कोरडी पडली, रिकाम्या नळ्या उन्हात तापत राहिल्या. दुपारी टँकर आला, मी घाईनं पाणी सोडलं आणि दोन नळ्या तडकल्या. इतकं वाईट वाटलं! आता उन्हाळाभर नळ्यांवर गोणपाट असतं, आणि टाकी रिकामी झालीच तर पाणी पहाटे, नळ्या गार असताना सोडते.

विजेचं सोलर घेणार असशील तर सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल उंच स्टँडवर बसव, गच्चीला सावली होईल. मात्र लाईट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं. भर उन्हात लाईट गेली तर तापल्या स्लॅबखाली पंखाही नसणार, म्हणून सासूबाईंची खोली खालच्या मजल्यावरच ठेव.

उद्या मिस्त्री आला की टाकीच्या उंचीचं आधी बोलून घे.