समोरचा हलतही नाही, मग त्याला मारायचं कशाला?

प्रश्न : माझा पुतण्या ‘स्ट्रीट फायटर ६’ नावाचा मारामारीचा गेम खेळतो. निम्मा वेळ तो जागच्या जागी उभ्या असलेल्या एका पात्राला एकच फटका पुन्हा पुन्हा मारत बसतो. खरी लढत सुरू झाली की हरतो, आणि हरूनही ‘कळलं, कळलं!’ म्हणत खूश होतो. परवा मी नुसती बटणं बडवली आणि त्याला एकदा हरवलं. मग एवढ्या सरावातून तो शिकतो काय? आणि त्यात मजा कसली?
— एक काका, सांगली

उत्तर : काका, शंका रास्त आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ चपळ बोटांची शर्यत वाटतो, आणि शर्यतीत हरून खूश होणारा माणूस संशयास्पदच. पण आधी थोडा हिशेब करू.

या गेममध्ये पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. सर्वांत चपळ ठोसे चौथ्या फ्रेमलाच लागतात, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात १५ फ्रेम निघून जातात. म्हणजे असा ठोसा पाहून मग अडवणं कुणालाच शक्य नाही. चांगला खेळाडू अडवतो, कारण या घडीला समोरच्याला काय करता येतं आणि त्याला काय करायची खोड आहे, हे त्याला आधीच ठाऊक असतं. पहिलं ज्ञान गेमचं, दुसरं माणसाचं.

तुम्हाला खटकणारा तो पुतळा पहिल्या ज्ञानासाठी आहे. समजा, काल संध्याकाळभर कुणीतरी तुमच्या पुतण्याला एकाच लाथेने छळलं. तो ती लाथ अडवायचा, लगेच उलट ठोसा मारायला जायचा आणि दर वेळी मार खायचा. यात दोन शक्यता आहेत. एक तर लाथ अडवल्यावरही पाळी समोरच्याचीच राहते, किंवा पाळी याची असते पण याने निवडलेला ठोसा हळू पडतो. धावत्या लढतीत हे ठरवता येत नाही. म्हणून तो ट्रेनिंग मोडमध्ये जातो. तिथे पुतळ्याला एखादी चाल शिकवून ठेवता येते आणि पुतळा ती न कंटाळता करत राहतो. आता पुतण्या लाथ अडवतो आणि मधला ठोसा मारून पाहतो. नाही लागला. मग हलका ठोसा. लागला! म्हणजे पाळी त्याचीच होती, बटण चुकत होतं. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहायची, हे आपल्याला शाळेच्या प्रयोगवहीत शिकवलं होतं. फरक इतकाच, की तिथे निष्कर्ष आधीच छापलेला असायचा.

या गेममधल्या सगळ्या खुब्या बनवणाऱ्यांनीच ठरवलेल्या असतात, असाही एक समज आहे. तसं नाही. एकामागून एक न अडवता येणाऱ्या फटक्यांची मालिका, म्हणजे कॉम्बो, आज या प्रकारच्या खेळांचा कणा आहे. पण १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये ती मुद्दाम घातलेली नव्हती. गेममधले दोष तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं, की मोटार फोडण्याच्या टप्प्यात ठरलेल्या फटक्यांच्या मधे आणखी एक फटका बसतो. हे वेळेत साधणं फार अवघड आहे, कुणाला फारसं जमणार नाही, असं समजून त्यांनी ते तसंच राहू दिलं. पण खेळणाऱ्यांना ते सापडलं आणि साधलंही. १९९३च्या पुढच्या आवृत्तीत तर असे फटके मोजून पडद्यावर दाखवायलाही सुरुवात झाली. मला विचाराल तर या खेळांच्या इतिहासातला हा सर्वांत लोभस भाग. दोष म्हणून जे खोडून टाकता आलं असतं, त्याचाच पुढे नियम झाला.

आता हरून खूश होण्याबद्दल. माणसाचं ज्ञान पुतळ्याकडून मिळत नाही, त्यासाठी लढतच हवी. कबड्डीत चढाई करणारा कधी कधी नुसता फिरून परत येतो. गुण मिळत नाही, पण कोपऱ्यावरचा गडी उतावळा आहे हे कळतं. इथेही तेच. र्‍यू नावाचं पात्र लांबून हादोकेन म्हणजे ऊर्जेचा गोळा फेकतं. तुमचा पुतण्या तो दोनदा फेकतो, दोन्ही वेळा समोरचा उडी मारून वरून येतो आणि याला चोपतो. तुम्हाला दिसला तो मार. त्याला मिळालं उत्तर : हा गडी गोळा दिसला की उडी मारतो. तिसऱ्यांदा तो गोळा फेकेल असं भासवील आणि उडी आली की खालून शोर्‍युकेनचा ठोसा देईल. एक मॅच पाच मिनिटांच्या आत संपते, त्यामुळे असा प्रश्न विचारायचा खर्चही किरकोळ.

अर्थात सगळेच असे खेळत नाहीत. क्रमवारीचे गुण पडद्यावर आले की पुष्कळ जण दोन खात्रीच्या चालींना चिकटतात आणि तिथेच अडकतात. गुण घटले की चिडतात. तुमच्या घरी चिडचिड नाही, तर पोरगा बरा चालला आहे असं समजा.

राहिला तुमचा विजय. तो खोटा नाही, पण त्याचं कारण गमतीदार आहे. पुतण्या तुमच्या सवयी शोधत होता आणि तुम्हाला अजून सवयच नव्हती. पुढे काय करणार हे तुम्हालाच माहीत नव्हतं, तर त्याला कसं कळणार? मात्र चार-पाच राउंडांत बटणं बडवणाऱ्याचीही खोड उघडी पडते. बहुतेक जण घाबरले की एकच आवडतं बटण दाबत राहतात. तुमचं कोणतं, हे त्याला एव्हाना कळलंही असेल. तेव्हा ‘परत खेळू’ म्हणाला, तर आधी चहा मागवा.