कानशीची खूण

पहिली चूक माझी, हे आधीच कबूल करतो. म्हणजे नंतर कुणी मला ते ऐकवायला नको.

आप्पांचं एचएमटी जनता घड्याळ. थेऊरच्या कारखान्याच्या बोनसमधून घेतलेलं, सतरा ज्वेलचं, देवनागरी आकड्यांचं. आप्पा गेल्यावर ते माझ्याकडे आलं आणि मला हौस सुटली. स्विस घड्याळांत चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे ब्रिजच्या, कडा पंचेचाळीस अंशांत तासून आरशासारख्या करतात, ते व्हिडिओत पाहिलं होतं. म्हटलं, आपणही करू.

मशीन खोलणं जमलं. खोलण्याआधी स्प्रिंगचा ताण मात्र उतरवायलाच हवा. चावी बोटांत घट्ट धरायची, क्लिक टोकाने बाजूला सारायचं आणि चावी हळूहळू उलटी फिरू द्यायची. ताण असताना पॅलेट काढलं की सगळी चाकं भिरभिरतात आणि दातेही जाऊ शकतात. हे मी पाळलं. बारीक कानस, मग पॉलिश पेपर, मग लाकडी काडीला हिऱ्याची पेस्ट. दोन कडा बऱ्या झाल्या. तिसरीला कानस घसरली आणि स्क्रूच्या भोकाजवळ तिरका ओरखडा पडला.

घात झाला तो जोडताना. ब्रिज ठेवल्यावर प्रत्येक चाकाची दांडी आपापल्या ज्वेलमध्ये बसली का, हे चाक किंचित ढकलून पाहायचं आणि मगच स्क्रू आवळायचा. मी घाई केली. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. सेकंदाला पाच ठोके देणारं मशीन गप्प झालं.

लोणीतला जुना घड्याळवाला आता नाही. झाकणाच्या आत त्याने सुईने कोरलेल्या तारखा तेवढ्या राहिल्यात. म्हणून सोलापूर रस्त्याची गर्दी सोसत पुण्यात पेठेतल्या एका दुकानात गेलो. आठ दिवस म्हणाला, तीन आठवडे लावले. फोन केला की ‘उद्या’. शेवटी चौदाशे रुपये मोजले, घड्याळ कानाला लावलं. सुरेख चालत होतं.

रात्री सहज झाकण उघडलं. तारखा होत्या. डोळ्याला भिंग लावलं तर ब्रिजच्या कडा सरळ, कारखान्यातून आल्यासारख्या. ओरखडा नाही. मला आधी आनंदच झाला, हे सांगायला लाज वाटते. वाटलं, काय हात आहे माणसाचा! मग पोटात गोळा आला. पॉलिशने ओरखडा जाईल, पण तासून गेलेला धातू परत कसा येईल?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. आधी म्हणाला, “मशीन तेच आहे, मी साफ केलं.” मी आधी काढलेला ओरखड्याचा फोटो दाखवला तर भिंग काढून हसला. “साहेब, तुम्हीच वाट लावली होती. चालू करून दिलं ना? एचएमटीची मशीनं सगळी सारखीच.”

खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला ही घड्याळं काढली ती घरोघरी परवडावीत म्हणूनच. एकाचा भाग दुसऱ्यात बसतो, हे त्यांचं मोठेपण. पण २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचं ठरवल्यापासून जुना साठा सोडला तर सुटा भाग येतो तो कुणाच्या तरी खोललेल्या घड्याळातून. एक चाक बदलायच्या जागी अख्खं मशीन बदलायचं, आणि काढलेल्यातले चांगले भाग डब्यात. त्यात सांगायचं नाही, हा राग.

तेव्हा दुकानात देण्याआधी झाकण उघडून, भिंगातून, तारखेसह फोटो काढा. पावतीवर फक्त ‘घड्याळ’ नको, ‘मशीन बदलू नये, काढलेले भाग परत’ असं लिहून घ्या. तोंड वाकडं करणारा असेल तर तिथूनच परत फिरा. तासायची हौस असेल तर भंगारातलं मशीन घ्या. विश्वास ठेवा, पण बेताने, वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

त्या दिवशी बरीच बाचाबाची झाल्यावर दुकानदाराने पत्र्याचा डबा पुढे सरकवला. “शोधा यात.” संध्याकाळपर्यंत चिमट्याने उपसत बसलो. चाकं कुठली ओळखणार? ब्रिज मात्र सापडला, तिरक्या ओरखड्यासकट.

त्याचे त्याने पन्नास रुपये घेतले.