मधपेटीतील कोळी कसा ओळखावा

केलगेरीवरून गोव्याकडे जाणारा रस्ता पुढे जंगलात शिरतो. ह्या टापूत सातेरी व आग्या ह्या दोन मधमाश्या पूर्वापार नांदत आहेत. परदेशी इटालियन माशी १९६२ मध्ये तेव्हाच्या पंजाबातील नगरोटा येथे आणली गेली. १९९१-९२ मध्ये एका विषाणूने दक्षिणेतील सातेरीच्या बहुतेक वसाहती नष्ट केल्या. त्यानंतर ही माशी इकडील मधपेट्यांतही दिसू लागली. तिच्या पाठीस वरोआ नावाचा बारीक कोळी लागलेला असतो.

वरोआला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे. गोचिडाचा भाऊबंद होय. रंग तांबूस तपकिरी, रुंदी सुमारे दीड मिलिमीटर. माशीच्या आकाराशी तुलना केली, तर आपल्या अंगाला बशीएवढा गोचीड चिकटावा तसा हा प्रकार!

सातेरी ही त्याची मूळ यजमान. तिच्या पोळ्यात त्याची वीण बहुधा नरांच्या घरांपुरतीच राहते. त्यामुळे त्या दोघांचे कसेबसे निभते. इटालियन माशीच्या कामकरी पिल्लांच्या घरांतही तो वाढतो. घरावर मेणाचे झाकण बसण्यापूर्वी मादी आत शिरते, तेथेच अंडी घालते व पिल्लाच्या अंगावर पोसते. तिच्यामुळे पसरणाऱ्या विषाणूने माश्यांचे पंख चुरगळतात. पण असे पंख दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वरवर पाहून कोळी दिसला नाही, म्हणून पेटी निरोगी मानणे आम्हांस धोक्याचे वाटते. बहुतेक कोळी झाकणाखालीच असतात.

म्हणून मोजणी करावी, तीही जाणत्या मधपाळाच्या देखरेखीखाली. पिल्लांच्या फणीवरील अर्धा पेला, म्हणजे सुमारे ३०० माश्या, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात. राणी त्यांत नाही, ही खात्री आधी करावी. वर दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी हलकेच फिरवावी व मिनिटभर ठेवावी. साखरेने कोळ्यांची पकड सुटते. मग बरणी पांढऱ्या ताटावर उलटी हलवावी. ताटात थोडे पाणी घातले की साखर विरघळते आणि कोळी स्पष्ट दिसतात. माश्या जिवंत परत सोडता येतात. ३०० माश्यांमागे ९ कोळी, म्हणजे शेकडा ३, आढळल्यास उपाय लांबवू नये.

आग्या माशीकडून आलेला ट्रोपिलिलॅप्स हा दुसरा कोळी मात्र ह्या परीक्षेत सहसा सापडत नाही. तो मोठ्या माशीच्या अंगावर फार दिवस जगत नाही. त्यासाठी काही घरांची झाकणे चिमट्याने उघडावीत. पांढऱ्या पिल्लावर वेगाने धावणारा, लांबट, तांबूस ठिपका दिसला, तर तोच तो.