भाजलेली जखम आणि पाणी : उपचार व धोका

कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटणच्या परिसरात पाण्यास तोटा नाही; मात्र डोंगरावरील वाड्यावस्त्यांतून दवाखाना गाठण्यास बराच वेळ लागतो. त्यामुळे चूल, स्टोव्ह, पाणी तापविण्याचा बंब किंवा गुऱ्हाळातील काहील यांमुळे कोणी भाजल्यास घरी प्रथम काय केले जाते, यास फार महत्त्व आहे.

पहिला उपचार पाणी हाच होय. ज्वाळा विझली तरी कातडीतील उष्णता काही काळ टिकून इजा खोलवर नेते. म्हणून भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे थंड, स्वच्छ, वाहते पाणी सोडावे. भाजल्यापासून ३ तासांपर्यंत हा उपाय उपयोगी ठरतो. बर्फ लावू नये. लहान मूल असल्यास अथवा भाजलेला भाग मोठा असल्यास अंग गारठू नये म्हणून उरलेले शरीर पांघरुणाने झाकावे. शाई, शेण, टूथपेस्ट यांचे लेप मात्र निखालस घातक होत. नंतर स्वच्छ धुतलेल्या कापडाने जखम सैलसर झाकून, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास हलवावे.

पुढील दिवसांत याच पाण्याविषयी सावध राहावे लागते. कातडी हा शरीराचा कोट आहे. तो जळाला की जंतूंना वाट मोकळी होते. मृत कातडीत रक्ताभिसरण नसल्याने पोटात घेतलेली वा टोचलेली औषधे तेथे पुरेशी पोहोचत नाहीत. विसाव्या शतकात अनेक देशांतील रुग्णालये भाजलेल्या रुग्णास मोठ्या टाकीत बुडवून जखमा धूत असत. मृत कातडी सुटे, पट्ट्या कमी वेदनेने निघत, सांधे हलविता येत. पद्धत गुणकारी वाटावी अशीच होती. परंतु एका जखमेतील जंतू त्याच पाण्यातून अंगावरील दुसऱ्या जखमेत जात. टाकी धुतली तरी तिच्या नळ्यांत व निचऱ्याच्या तोंडाशी बुळबुळीत थर धरून स्यूडोमोनास नावाचे जंतू तग धरीत आणि पुढील रुग्णास गाठत. अशा प्रादुर्भावांच्या अनुभवानंतर अनेक उपचार केंद्रांनी टाकी सोडली व रुग्णास उतरत्या फळीवर निजवून फवाऱ्याने धुण्याची रीत स्वीकारली. पाणी जखमेवरून वाहून जाते, साचत नाही. तरीही नळ व फवाऱ्याचे तोंड यांत जंतू राहू शकतात, हे विसरून चालत नाही.

ग्रामपंचायतींचा संबंध येथेच येतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात टीसीएल पावडरचा बराचसा अंश गाळातच खर्ची पडतो. म्हणून पाणी आधी निवळू द्यावे, मग पावडरीचे द्रावण मिसळावे व किमान अर्धा तास थांबून पाणी सोडावे. टाकीच्या तळाचा गाळ वेळोवेळी काढावा. घरी परतलेल्या रुग्णाची पट्टी शक्यतो प्राथमिक आरोग्य केंद्रातच बदलावी. डॉक्टरांनी जखम घरी धुण्यास सांगितले असेल, तर पाणी उकळून, झाकून कोमट होऊ द्यावे आणि हात साबणाने धुऊन ते वरून धारेने ओतावे. तांब्या बुडवून काढलेले पिंपातील पाणी त्यासाठी घेऊ नये. जखमी हात किंवा पाय पातेल्यात बुडवून तर मुळीच ठेवू नये.