डोक्याला मार : रुग्ण बोलतो आहे म्हणून गाफील राहू नका

फेब्रुवारी १९९८ मधील घटना. ढाक्यातील एका क्लब सामन्यात भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणास उभे होते. चेंडू डोक्यावर आदळला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. पण थोड्याच वेळात प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

असे का होते? कवटी म्हणजे हाडांची बंद पेटी. आत रक्तवाहिनी फुटली तर रक्त साचत जाते. सुरुवातीला रुग्ण चालतो, बोलतो. रक्ताच्या गाठीने मेंदू दाबला गेला की तो बेशुद्ध होतो. मधला हा काळ फसवा असतो. वेळीच शस्त्रक्रिया करून गाठ काढल्यास असे अनेक रुग्ण वाचतात.

दुखापत किती गंभीर आहे, हे डॉक्टर १९७४ पासून वापरात असलेल्या 'ग्लासगो कोमा स्केल'ने ठरवतात. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. सौम्य इजेचे बहुतेक रुग्ण बरे होतात. गंभीर इजेत मृत्यूचा व कायमच्या अपंगत्वाचा धोका मोठा असतो.

पुढील लक्षणे दिसताच रुग्णालय गाठा :

* वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी
* गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके
* नाका-कानातून रक्त वा पाणी येणे
* एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे
* एक बाहुली मोठी दिसणे

अपघातस्थळी रुग्णाला पाणी, चहा पाजू नका. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका. मान न वळवता सरळ ठेवा, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड धरा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

घरातील वृद्धांबाबत विशेष दक्षता हवी. न्हाणीघरात घसरून लागलेल्या किरकोळ माराने मेंदूभोवती साचणारे रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देते. आजोबांची चाल अडखळू लागली, विसराळूपणा अचानक वाढला, तर 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि दुचाकीस्वारांनो, हेल्मेट आरशाला अडकवण्यासाठी नसते. ते डोक्यावर घाला, पट्टाही बांधा.